आवईचे वाङ्मय

आज मराठी घरांत सर्वांत अधिक वाचले जाणारे वाङ्मय कोणते, असा प्रश्न केल्यास कोणी कादंबरीचे नाव घेईल, कोणी वृत्तपत्राचे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. सकाळच्या चहाबरोबर हाती येणारा, कोणी लिहिला हे ठाऊक नसलेला आणि वाचून होताच दहा ठिकाणी धाडला जाणारा व्हॉट्सॲपवरील मजकूर हेच आजच्या सुशिक्षित कुटुंबाचे नित्यपठण होऊन बसले आहे. या वाङ्मयाला कर्ता नाही, प्रकाशक नाही, मूल्यही नाही. आणि म्हणूनच की काय, टीकाकारांनी त्याची दखल घेतलेली नाही. पोलीस त्याचा विचार गुन्हा म्हणून करतात, सरकार संकट म्हणून करते आणि कंपन्या धंदा म्हणून करतात. परंतु तो मुळात एक मजकूर आहे. त्याला रचना आहे, भाषा आहे, रसही आहे. आणि ज्याला रचना व भाषा आहे त्याचे परीक्षण करणे हे टीकाकाराचे कर्तव्यच होय. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विषय हा सेनापतींचा, आमच्यासारख्या अध्यापकाचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचे उत्तर पुढील विवेचनात आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथालयात नव्हे. तो स्वतःच्या घरी, आणि खरे सांगावयाचे तर काहीशा लज्जास्पद रीतीने सुचला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. ७ मे रोजी भारतीय सैन्याने सीमेपलीकडील तळांवर हल्ले केले, आणि ८ मेच्या रात्री देशातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरातली मंडळी दूरचित्रवाणीसमोर जागत बसली होती. कराचीचे बंदर आपल्या आरमाराने उद्ध्वस्त केले अशी वार्ता आली. पाठोपाठ मोबाइलवर आगीच्या लोळांचे एक चित्रफीतही आली. आम्ही ती पाहिली, आमचे हृदय उचंबळून आले, आणि क्षणाचाही विचार न करता आम्ही ती आमच्या सहाध्यापकांच्या समूहात धाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे एकच वाक्य आले: ‘सर, ही बातमी पहिल्याने कोणी दिली?’

वाचकहो, हा प्रश्न आम्हीच त्याला शिकविला होता. कोणताही उतारा पुढे आला की तो कोणाचा, केव्हाचा, कोणासाठी लिहिलेला आणि कशाच्या आधारावर, हे विचारल्यावाचून त्यावर मत देऊ नये, असे आम्ही जवळजवळ तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहो. आणि तोच प्रश्न विचारण्याची जेव्हा खरी गरज पडली तेव्हा तो आम्हांस सुचला नाही. कराची बंदर जागच्या जागी होते. बंदराच्या नावावर त्या रात्री फिरलेल्या चित्रांपैकी एक तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी त्याच वर्षी झालेल्या विमान-अपघाताचे निघाले.

आपल्या भाषेत या वस्तूला नावांची वाण नाही. वदंता, भुमका, आवई, कंडी, हूल असे अनेक शब्द आहेत, आणि त्यांची क्रियापदे पाहिली तर आपल्या पूर्वजांनी या विषयाचा किती बारकाईने विचार केला होता हे ध्यानी येते. हूल देतात, ती शत्रू शत्रूला देतो, हेतुपूर्वक आणि फसविण्यासाठी. कंडी पिकवितात, म्हणजे तीत कोणाचा तरी लाभ असतो. परंतु आवई ही कोणी देत नाही की पिकवीत नाही; ती उठते. ती तुमच्याआमच्या भीतीतून, द्वेषातून किंवा आशेतून उठते. आजच्या चर्चेत या तिहींची सरमिसळ होते आणि सारा दोष शत्रूच्या माथी मारून आपण मोकळे होतो. आमचे म्हणणे एवढेच की, शत्रूच्या हुलीला आणि व्यापाऱ्याच्या कंडीला बळ येते ते तिची आवई झाल्यावर, आणि ती आवई करण्याचे काम आपणच करतो.

आता या वाङ्मयाच्या रचनेकडे वळू. त्याचे पहिले लक्षण असे की त्यात स्थळ आणि काळ यांचा लोप केलेला असतो. ‘काल रात्री’, ‘आपल्याच भागात’, ‘एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितले’ असे शब्द त्यात असतात. आणि हे शब्द ज्या दिवशी वाचावे त्या दिवशी, ज्या गावी वाचावे त्या गावी खरेच वाटतात. दुसरे लक्षण असे की, ते साफ खोटे क्वचितच असते. बहुधा ते खऱ्याचा एक तुकडा असते. पेशवाईतील ‘ध चा मा’ ही कथा आपण सारे बाळपणापासून ऐकत आलो आहो. नारायणरावास धरावे या आज्ञेतील एक अक्षर फिरले आणि १७७३ साली शनिवारवाड्यात रक्त सांडले, अशी ती परंपरा. ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न निराळा. परंतु अक्षर बदलले की अर्थ बदलतो आणि अर्थ बदलला की माणूस मरतो, हे तिचे मर्म खोटे नाही. आजच्या कारागिराला अक्षर बदलण्याचेही श्रम पडत नाहीत. तो केवळ शेवट कापून टाकतो.

याचे उदाहरण द्यावयाचे तर २०१८ साली देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचे देता येईल. दोन इसम मोटारसायकलीवरून येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच तीत दिसे. मुळात ही फीत कराचीतील एका संस्थेने, पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे या सद्हेतूने तयार केली होती. मूळ फितीत ते इसम परत येतात, मूल जागेवर सोडतात आणि मूल पळविणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवितात. भारतात ती आली तेव्हा हा शेवट कापलेला होता. उपदेशाची दहशत झाली; आणि ती करण्यास एकही खोटे दृश्य घालावे लागले नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या गोष्टीपाशी क्षणभर थांबावे. संदर्भ तोडून अवतरण देणे हा आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधातला किरकोळ दोष मानीत आलो. येथे त्याच दोषाने माणसे मेली.

त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या आवईने अनेक राज्यांत निरपराधांचे बळी घेतले. महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. गावोगाव भिक्षा मागत हिंडणे हा त्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. ज्या महाराष्ट्रात भिक्षेकऱ्याला ‘पुढे जा’ म्हणतानाही जीभ अडखळावी अशी रीत होती, तेथे दाराशी आलेल्या गोसाव्याची ही गत झाली. पाचांनाही ग्रामपंचायतीत आसरा मिळावयास हवा होता, कारण ग्रामपंचायत हेच त्या गावातले राज्य. त्याच खोलीत त्यांचा अंत व्हावा, याहून राज्याचा पराभव तो कोणता? एरवी अशा पराभवासाठी शत्रूला सैन्य आणावे लागते.

येथे कोणी म्हणेल की ही कायदा आणि सुव्यवस्थेची गोष्ट झाली, राष्ट्रीय सुरक्षिततेची नव्हे. तर मग २०१२ सालच्या ऑगस्ट महिन्याची आठवण करून देणे भाग आहे. त्या जुलैत आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि मुसलमान यांच्यांत भीषण दंगली होऊन लाखो माणसे छावण्यांत आली होती, आणि ब्रह्मदेशात रोहिंग्यांवर अत्याचार होत होते. या दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. परंतु त्यांच्या नावावर जी चित्रे फिरली त्यांतील कित्येक अन्यत्रची होती. प्रेतांच्या राशीत उभ्या असलेल्या बौद्ध भिक्षूंचे एक चित्र ‘ब्रह्मदेशातील कत्तल’ म्हणून दाखविले गेले. वस्तुतः ते २०१० साली तिबेटी वस्तीच्या युशू येथे झालेल्या भूकंपाचे होते, आणि ते भिक्षू मृतांच्या अंत्यसंस्कारासाठी आले होते. सेवेचे चित्र क्रौर्याचे चित्र ठरले. बदलली होती ती केवळ चित्राखालची ओळ.

११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर निषेधाची सभा भरली आणि तिचे पर्यवसान दंगलीत झाले. दोघे मेले, पन्नासांहून अधिक जखमी झाले, त्यांत पोलीसच पुष्कळ होते. आणि जवळच्या अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. त्या सुमारास पुण्यात ईशान्येकडील तरुणांना मारहाणीचे काही प्रकार घडले होते. आवईला एवढा सत्याचा कण पुरेसा असतो. ईद झाल्यावर तुमच्यावर हल्ले होणार आहेत, असे निरोप मोबाइलवरून फिरू लागले आणि १५ ऑगस्टपासून बंगळूर, पुणे, चेन्नई येथून ईशान्येकडील हजारो विद्यार्थी, पहारेकरी आणि कामगार मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. स्वातंत्र्यदिनी आपल्याच देशाचे नागरिक आपल्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे जीव मुठीत धरून पळत होते, याचा अर्थ विचारी वाचकाने ध्यानी घ्यावा. आसामचा तरुण पुण्यात निर्धास्तपणे राहू शकतो, यालाच तर राष्ट्र म्हणतात. ती निर्धास्ती गेली की नकाशावरील रेघ शाबूत राहून काय उपयोग?

या चित्रांपैकी बऱ्याच चित्रांचा उगम पाकिस्तानात असल्याचे तेव्हाच्या केंद्रीय गृहसचिवांनी जाहीर केले. पाकिस्तानने ते नाकारले. गृहसचिवांचे म्हणणे आपण खरे धरून चालू. तरीही बी बाहेरचे असले म्हणून जमीन कोणाची, हा प्रश्न उरतोच. पुण्यातील शेजाऱ्याने आपल्या आसामी शेजाऱ्याला ‘भिऊ नका, आम्ही आहोत’ असे त्या रात्री सांगितले असते, आणि त्या शेजाऱ्याचा त्यावर विश्वास बसला असता, तर कोणत्याही शत्रूची हूल फुकट गेली असती. राष्ट्राची खरी तटबंदी हा विश्वास होय, आणि ती बाहेरून फोडण्यापूर्वी आतून पोखरलेली असावी लागते.

येथवर भीतीच्या आवईचा विचार झाला. परंतु आवई गोडही असते, आणि आमच्यासारख्या स्वतःस विवेकी समजणाऱ्या माणसास तीच अधिक फसविते. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. तथापि भाऊसाहेब जिवंत आहेत, ही आवई महाराष्ट्रात कित्येक वर्षे जिवंत राहिली, कारण ती खरी असावी असे सर्वांनाच वाटत होते. त्याच आशेच्या बळावर एक तोतया उभा राहिला आणि १७७६ साली कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊन पेशव्यांच्या राज्यास मोठा घोर लागला. साहित्यसम्राट केळकरांनी या प्रसंगावर १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, हे वाचकांस ठाऊकच आहे. तोतयाने किल्लेदारांना फसविले हे खरे. परंतु त्याआधी त्यांना त्यांच्या इच्छेने फसविले होते.

मे २०२५ मधील त्या चार रात्री अशाच होत्या. एकीकडे आपल्या विजयाच्या गोड आवया, दुसरीकडे शत्रूकडून आलेल्या हुली. हजिरा बंदरावर हल्ला झाल्याची म्हणून एक फीत फिरली. ती २०२१ सालच्या एका तेलवाहू जहाजाच्या स्फोटाची होती. जालंधरवरील हल्ल्याचे म्हणून दाखविलेले दृश्य शेतातल्या आगीचे होते. भारतीय सैन्याची एक अख्खी पलटण नष्ट झाल्याचे सांगण्यात आले. त्या नावाची पलटणच सैन्यात नव्हती. संगणकावरील खेळातली दृश्येही रणांगणातली म्हणून खपली. सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाने यांतील कित्येकांचे खंडन त्वरित केले, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य होय. परंतु शत्रूच्या खोट्याचे खंडन जितक्या उत्साहाने ऐकले गेले, तितक्या उत्साहाने आमच्या कराची बंदराचे खंडन ऐकले गेले नाही. स्वतः आम्ही समूहात दुरुस्ती धाडली. मूळ वार्तेस तिथे अभिनंदनाच्या कितीतरी खुणा मिळाल्या होत्या, दुरुस्तीस कोणी उत्तर दिले नाही.

गोड आवईने बिघडते काय, असे पुष्कळजण विचारतात. लोकांचा धीर वाढला, एवढेच ना? नव्हे. ज्या लोकांना रात्री शत्रूचे बंदर बुडाल्याचे सांगितले जाते त्यांना सकाळचा मर्यादित, पण खरा विजय पराभवासारखा वाटू लागतो. सत्य सांगणारा अधिकारी भित्रा आणि शस्त्रसंधी करणारे सरकार दुबळे भासते. शिवाय दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रे समोरासमोर उभी असता लोकमताचा रेटा खोट्या वार्तांवर वाढत जाणे यासारखा दुसरा धोका नाही. आणि सर्वांत मोठी हानी अशी की, पुढे कधी खरा भोंगा वाजला तर तोही खोटाच असेल, असे म्हणून लोक निजून राहतील. ‘नरो वा कुंजरो वा’ या अर्धसत्याने द्रोणाचार्य पडले, युद्धाचे पारडे फिरले. तथापि महाभारतकारांनी तेथेच सांगून ठेवले आहे की धर्मराजाचा जो रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे तो त्या क्षणी खाली टेकला. असत्याने शत्रू मेला, पण आपल्या शब्दाचे वजन गेले. हा हिशेब त्या प्राचीन कवीला कळला होता. आम्हांस अद्यापि कळावयाचा आहे.

मग उपाय कोणता? सरकारने बंदी घालावी, असे उत्तर पहिल्याने सुचते, आणि ते सर्वस्वी त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१२ साली एकाच वेळी पाचांहून अधिक जणांस निरोप धाडण्यावर पंधरा दिवस बंदी होती, आणि तीमुळे थोडी उसंत मिळाली असेल. २०१८ साली व्हॉट्सॲपनेही भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. वेग कमी होणे हेही काही कमी नव्हे. इतकेच नव्हे, तर खरी वार्तासुद्धा अवेळी देऊ नये हा राज्याचा आग्रह न्याय्य असू शकतो. २००८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली घरोघर दाखविल्या, आणि त्या दाखविण्याने देशाच्या सुरक्षिततेस धोका पोहोचला असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या निकालात कठोर शब्दांत सांगितले.

परंतु खरे काय आणि खोटे काय हे ठरविण्याचा अधिकार राज्याच्या हाती दिला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१२ च्याच नोव्हेंबरात पालघर येथे मुंबई बंदविषयी समाजमाध्यमावर व्यक्त केलेल्या साध्या मतावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यात आवई नव्हती, चिथावणी नव्हती. होते ते केवळ मत. ज्या ६६-अ कलमाचा तेथे आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. पुढे सरकारविषयीच्या मजकुराची सत्यासत्यता सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावी, असा नियम २०२३ साली झाला. तोही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविला. आमच्या मते हे योग्यच झाले. वादी आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे त्याच्या खऱ्या निकालावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. राज्याने प्रसंगी मौन धरावे, पण खोटे बोलू नये. आणि मौन सोडावयाचे तेव्हा विलंब न लावता, स्वतःचे नुकसानही न लपविता बोलावे. राज्याच्या शब्दास वजन असेल तर त्याच्या एका ओळीने शंभर आवया विरतात. वजन नसेल तर शंभर खंडने करूनही एक आवई विरत नाही.

उरते ते आमचे, म्हणजे वाचकांचे कर्तव्य. राईनपाड्याची वार्ता वाचून सुशिक्षितांनी खेडुतांच्या अज्ञानाबद्दल हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत आम्हीही सामील होतो. परंतु ज्या हाताने आम्ही ८ मेच्या रात्री ती चित्रफीत पुढे धाडली त्या हातात दोन पदव्यांची प्रमाणपत्रे होती. बाजारातल्या जमावापुढे पाच गोसावी उभे होते आणि आमच्यापुढे कोणी उभा नव्हता, एवढाच काय तो फरक. आणि तो आमच्या शहाणपणाचा नसून आमच्या दैवाचा आहे. साक्षरतेने वाचता येते. वाचलेल्यास प्रश्न करता येतो तो अभ्यासाने. तो अभ्यास महाविद्यालयाच्या वर्गापुरता ठेवून आम्ही घरी येताना तो खुंटीवर टांगून येत होतो, हा आमचा अपराध.

हे कोणी सांगितले? केव्हाचे? कोठले? आणि याचा शेवट कापलेला तर नाही ना? टीकाशास्त्राचे हे चार प्रश्न घरातील आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस विचारता येण्याजोगे आहेत. त्यांस अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही, आणि उत्तर न मिळाल्यास मजकूर आपल्यापाशीच थांबविण्यास तर मुळीच वेळ लागत नाही. सीमेवरच्या शिपायाला रात्रभर जागावे लागते. आपल्याकडे राष्ट्र मागते ते एवढेच. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही उत्तर लिहिले ते असे: ‘कोणी दिली ते मी विचारले नाही. तू विचारलेस, हे बरे केलेस.’ त्यावर तो पुन्हा काही लिहील असे वाटले होते. पण त्याने लिहिले नाही. गुरूला त्याच्याच धड्यात नापास करून वर उपदेश करू नये, इतका तो सुसंस्कृत आहे.